परमिट वापस

"जगदेवभाऊ, आवाज येऊन राह्यला का?"

"येऊन राह्यला. बोल."

"शेतीच्या फिडरवर परमिट पायजे. हरीओमच्या वावरातल्या खांबावर जंपरची तार जळली. अर्धा घंटा लागते."

"थांब. बंद करून येतो."

जगदेवनं रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला. पॅनेलवरचा शेतीच्या फिडरचा, म्हणजे वावरांना वीज नेणाऱ्या लाइनचा, स्विच फिरवला. धप्प आवाज झाला आणि काटा शून्यावर पडला. मग यार्डात जाऊन त्यानं लाइन तोडणारी दांडी खाली ओढली, तिला 'माणसे काम करत आहेत' ही लाल पाटी अडकवली आणि परत येऊन लॉगशीटवर लिहिलं: १०.०६, परमिट क्र. ११४, हेमसिंग. सव्वीस वर्षं हेच केल्यामुळं यातल्या कशालाही डोकं लागत नव्हतं. लागलं असतं तर पंचाईत होती, कारण त्या सकाळी डोकं जागेवर नव्हतं.

"एकशे चौदा नंबर. लिहून घे."

"लिहला. भाऊ, कवापासून हाय खुर्चीवर?"

"मोजू नोको."

"झोपू नोका बरं. माहा जीव तुमच्या डोयात हाय." हेमसिंग हसला आणि त्यानं फोन ठेवला. हे तो दर वेळी म्हणायचा. परमिट वापस देईपर्यंत ऑपरेटरनं लाइन सोडायची नाही, एवढ्या भरवशावर लाइनमन खांबावर चढतो. तेव्हा ती गंमत असली तरी नुसती गंमत नव्हती.

सावरखेडीच्या सबस्टेशनात कागदावर चार ऑपरेटर आहेत. त्यातले दोन कागदावरच राहतात, म्हणून त्यांना झोपेचा काही त्रास नाही. उरले जगदेव आणि रामराव. दोघांनी बारा-बारा तास वाटून घेतले होते आणि लग्नं, मयती, दुखणीखुपणी सगळं उरलेल्या बारांत बसवलं होतं. परवा सकाळी रामराव मोतीबिंदूच्या ऑपरेशनला अकोल्याला गेला. त्याच्या जागी तालुक्याहून माणूस येणार होता. तो निघाला आहे, असं दोन दिवस फोनवर कळत होतं.

परवा सकाळी आठला जगदेव खुर्चीवर बसला तो तिथंच होता. हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस. या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची. सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या, फिडर पडायचा, जगदेव उठून तो टाकायचा, खुर्चीवर टेकायचा, तोवर पुन्हा धाड. मधल्या वेळात फोन. चार गावांतल्या प्रत्येक शेतकऱ्याकडं त्याचा नंबर होता. "लाइन कवा येते?" हा प्रश्न त्यानं दोन रात्रींत किती वेळा ऐकला असेल, ते देवालाच ठाऊक. ज्याच्या पायाखाली चिखल आणि हातात फावडं आहे तो रात्री दोनला गोड बोलेल, ही अपेक्षाही चूकच.

भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, म्हणतात. धोंडा मिळायलाही आडवं व्हावं लागतं. तसं बघितलं तर जगदेवची झोप या दोन दिवसांतच गेली होती असं नाही. त्याचं क्वार्टर सबस्टेशनच्या मागंच. ट्रान्सफॉर्मरच्या घूं आवाजात तो झोपायचा, आणि पंखा थांबला की ड्यूटी असो-नसो उठून चपला शोधायचा. सासुरवाडीला, कामरगावला गेला तर तिथं तो आवाज नाही म्हणून रात्रभर टक्क जागा. मागं बीपी वाढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, झोप पुरी घ्या. यानं विचारलं, "घेतो नं, कोणत्या मेडिकलमधी भेटते?" डॉक्टरांनी खरंच गोळ्या लिहून दिल्या. त्या घेतल्या तर पंखा थांबल्यावर जाग कशी येणार, म्हणून बायकोनं, रंगूबाईनं, त्या फळीवर ठेवून दिल्या होत्या.

तर सव्वादहाला जगदेवनं तोंडावर पाणी मारलं. पापण्यांना बाम चोळला. हिरवी मिरची दातांखाली धरली. उभं राहून पाहिलं, पण उभ्या उभ्याच गुडघा मोडायला लागला, तेव्हा खुर्चीवर बसला आणि साडेदहाचं रीडिंग भरलं.

फोन वाजला. त्यानं उचलला.

"झालं भाऊ," हेमसिंग म्हणाला. "एकशे चौदा वापस. टाका लाइन, अन् झोपा आता घडीभर."

"बरं," जगदेव म्हणाला. त्यानं लिहिलं: १०.४२, परमिट क्र. ११४ वापस, हेमसिंग. खाली सही केली. यार्डात गेला, पाटी काढली, दांडी वर केली, पाटी काखेत घेऊन आत आला, भिंतीच्या खिळ्याला लावली आणि स्विच फिरवला.

काटा उडाला आणि धाडकन फिडर पडला.

असं झालं की एकदा पुन्हा टाकून पाहायचं, ही रीत आहे. बगळा चिकटतो, फांदी घासते, दुसऱ्यांदा टाकलं की राहते. जगदेवचा हात स्विचवर गेला होता, तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजला. हरीओम ओरडत होता, "बंद करा! भाऊ, बंद करा! हेमसिंग वर हाय! माणूस हाय वर!"

जगदेवनं हात काढला. दुसऱ्यांदा त्यानं लाइन टाकली नाही, आणि पुढं कितीतरी दिवस तो एवढ्याच एका गोष्टीला धरून राहिला.

*

वायर जमिनीशी जोडायची साखळी असती तर हेमसिंग वाचला असता. साखळी तीन लाइनमनांत एक होती आणि त्या दिवशी ती अनसिंग गावाकडं गेलेल्या दुसऱ्या माणसाकडं होती. हेमसिंगला हरीओमनं आणि आणखी चौघांनी दोर लावून उतरवलं. वय एकतीस. नोकरी ठेकेदाराकडची.

दुपारी मयंक साहेब आले. कारंज्याच्या व्यापाऱ्याच्या घरातला पोरगा, घरचं कपड्याचं दुकान सोडून इंजिनीअर झालेला. वय अठ्ठावीस आणि डोळ्यांखाली चाळिशीची काळी वर्तुळं. रात्री दहाला वरिष्ठांची ऑनलाइन मीटिंग, सकाळी सातला दुसरी. त्यांनी लॉगशीट जवळ ओढली.

"ही नोंद तुमच्याच हातची आहे ना?"

"हाव."

"दहा बेचाळीस. परमिट वापस. म्हणजे त्यानं फोन केला, परमिट दिलं, आणि मग परत चढला. काहीतरी राहिलं असेल वर. पक्कड राहिली असेल."

 टेबलावरच्या फोनची नंबर दाखवणारी काच दोन वर्षांपासून फुटलेली होती. साहेबांनी तिच्याकडं एकदा पाहिलं.

"दहा बेचाळीसला त्याच्या मोबाइलवरून फोन आलेला नाही, ते मी बघितलं," साहेब हळू आवाजात म्हणाले. "तिकडं रेंज येते-जाते. एखाद्या शेतकऱ्याच्या फोनवरून केला असेल. तुम्ही एवढंच सांगा, आवाज त्याचाच होता?"

"आवाज त्याचाच होता," जगदेव म्हणाला, आणि हे खरं होतं.

"मग झालं."

"साहेब, मी परवापासून इथंच..."

"काका." साहेबांनी हात वर केला. "हजेरीत दोन दिवस तालुक्याचा माणूस आहे. सही मी केली आहे. तुम्ही पन्नास तास म्हटलं तर तुम्ही गेलात, मी गेलो, रामरावही गेले, कारण त्यांची रजा मंजूरच नव्हती. तीन घरं. आणि हेमसिंग काही परत येत नाही."  ते वाईट नव्हते. वाईट असते तर जगदेवला सोपं गेलं असतं.

चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण पोरं शाळेत पाठ करतात. इथं संन्यासी आधीच मेलेला होता, त्यामुळं त्याची ओरड कोणाला ऐकू यायचाही प्रश्न नव्हता.

त्या रात्री तालुक्याचा माणूस खरंच आला आणि जगदेवला सुट्टी मिळाली. क्वार्टरमध्ये जाऊन तो आडवा झाला. पंखा फिरत होता, ट्रान्सफॉर्मर घुमत होता, सगळं होतं तसं होतं. रंगूबाईनं दार लोटून घेतलं. थोड्या वेळानं तो उठून बसला.

"काय झालं?"

"तो असं म्हणत नाही," जगदेव म्हणाला.

"कोण?"

"हेमसिंग. तो म्हणते झोपू नोका. सहा वर्सांत एक खेपही त्यानं मले झोपा म्हटलं नाही." तो भिंतीकडं बघत होता. "रंगू, फोन आलाच नाही. मले सपन पडलं. खुर्चीवर डोळा लागला अन् सपनात फोन आला, अन् मी उठून लाइन टाकली. पाटी काढली म्या. माह्या हातानं काढली."

 रंगूबाईनं उठून खिडकी बंद केली.

"हे कोणाले सांगू नोका."

"ते म्हणून राह्यले त्याची चूक होती."

"म्हणू द्या. पोरीची, निकिताची बारावी हाय. तुमची चार वर्सं राह्यली." मग तिनं खिडकीची कडी लावली. "मारून टाकलं हो तुमाले असं जागवून जागवून. माह्या डोयानं पाह्यलं मी. ते काहून कोणी नाही लिहत?"

जगदेव त्या रात्री झोपला नाही. ड्यूटीवर डोळे मिटू पाहायचे आणि घरी उघडे राहायचे. डोळा लागला की फोन वाजायचा, तो दचकून उठायचा, आणि फोन वाजलेला नसायचा. चौथ्या दिवसापासून तर खराखुरा फोन आला तरी तो आधी पलीकडच्याला विचारायचा, "खरंच बोलून राह्यले नं?" शेतकरी हसायचे. म्हणायचे, ऑपरेटर चळला.

*

आठवड्यानं हरीओम सबस्टेशनला आला तो लाइनचं विचारायला आला नव्हता.

"भाऊ, हेमसिंगची बायको वावरावावरानं फिरून राह्यली," तो म्हणाला. "पायी. हातात त्याचा मोबाइल. ज्याले-त्याले इचारते, त्या दिवशी तुमचा फोन मांगतला होता का त्यायनं? माह्याकडं दोन खेपा आली. मी म्हटलं, बाई, माह्या वावरात होता पण माहा नाही मांगतला. तरी आली."

"तिले काय पायजे?"

"कोणाच्या फोनवरून बोलला ते पायजे. साहेबानं सांगतलं नं तिले, दुसऱ्याच्या फोनवरून परमिट वापस दिलं म्हणून. अन् तांड्यात लोक काहीबाही बोलतेत. सकायीच दारू मारली असन म्हणे, त्याबिगर कोणी परमिट देऊन वापस चढते का? बाई म्हणते, घेत नव्हते ते." हरीओमनं तंबाखू मळता मळता मान हलवली. "कोणीतरी हो म्हणावं म्हणून फिरते, अन् कोणीच हो म्हणत नाही. कोण म्हणन? मांगतलाच नसन तर?"

त्यानं सहज म्हटलं होतं. जगदेवला मात्र वाटलं की हा ओळखून बसला आहे. हरीओम तंबाखू तोंडात टाकून निघून गेला.

अकराव्या दिवशी दुपारी ती आलीच. हेमला. डोक्यावरून पदर, पायांत नवऱ्याच्याच मोठ्या चपला, टाचा चिखलानं भरलेल्या. जगदेवनं खुर्ची पुढं केली. ती व्हरांड्यात जमिनीवर बसली आणि फोन मांडीवर ठेवला.

"दादा, मी भांडाले नाही आली."

"पाणी देऊ का?"

"नोको. एक इचाराचं होतं." ती चपलांकडं बघत होती. "बेचाळीस वावरं झाले. कोणी हो नाही म्हणत. तर मी म्हटलं, फोन कोणाचा का असेना, बोलले तर तुमच्याशीच. शेवटचं तुमच्याशीच बोलले ते. काय म्हणे ते?"

जगदेवनं आतल्या फोनकडं पाहिलं.

"काहून इचारते मी सांगते," ती म्हणाली. "त्या दिवशी सकायी आमचं वाजलं होतं. पोरीच्या बुटायवरून. शाळेनं काळे बूट मांगतले, ते म्हणे पुढच्या महिन्यात, मी बोलली काहीबाही. तर डबा नाही नेला त्यायनं. मी हाक नाही मारली. म्हटलं, भूक लागली की येतीन. तर मले एवढंच पायजे, आवाज कसा होता? रागात होते का?"

बाहेर यार्डात ट्रान्सफॉर्मर घुमत होता. जगदेवला त्या क्षणी फार सोपं काहीतरी करता आलं असतं. हसत होता म्हणावं, तुझं नाव घेतलं म्हणावं, तिनं डोळे पुसले असते आणि ती गेली असती. गेल्यावर कदाचित त्यालाही झोप लागली असती. हा विचार त्याच्या मनात आला, आणि त्या विचाराची त्याला किळस आली.

"हसत होता," तो म्हणाला. "खोटं नाही सांगत. दहा वाजता परमिट घेतलं तवा हसला तो. मले म्हणे, झोपू नोका बरं, माहा जीव तुमच्या डोयात हाय. रागात नव्हता."

हेमलाचा चेहरा हलला. "अन् वापस देतानी?"

"वापस नाही दिलं त्यानं."

तिनं वर पाहिलं.

"तुमी वावरं फिरू नोका आता, हेमलाबाई. फोन कोणाचाच नव्हता. त्यानं फोनच नाही केला. मी दोन दिवसांचा जागा होतो, खुर्चीवर माहा डोळा लागला. सपनात त्याचा आवाज आला. मी खरं समजलो अन् लाइन टाकली. तो वरच होता. उतरलाच नव्हता. चूक माही हाय, त्याची नाही."

हे सगळं त्यानं एका दमात सांगितलं आणि मग त्याला बसावं लागलं, तिच्यासमोर, जमिनीवरच.

 आत फोन वाजला, वाजत राहिला, थांबला. तो खरा होता की नाही, हे जगदेवनं पाहिलंसुद्धा नाही.

"म्हणजे पेले नव्हते ते," ती म्हणाली.

"नाही."

"पक्कडगिक्कड काही राह्यली नव्हती. बराबर काम करून राह्यले होते."

"हाव."

"अकरा दिवस." तिचा आवाज अजून शांतच होता. "अकरा दिवस मी चिखल तुडवून राह्यली, अन् तुमी इथं बसून पाहून राह्यले."

"हाव."

"मले असं वाटते का तुमचं तोंड फोडावं."

"फोडा."

तिनं फोडलं नाही. चपलेतला पाय आखडून ती उठली, भिंतीला हात लावून क्षणभर उभी राहिली आणि पदर नीट केला. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही कधी नाही.

"चला," ती म्हणाली. "जिथं लिहून घेतेत तिथं चला."

पाळी बदलायला दोन तास होते. ड्यूटी सोडून जाता येत नव्हतं, सव्वीस वर्षांत तो कधी गेलाही नव्हता. तालुक्याचा माणूस येईपर्यंत दोघं व्हरांड्यात बसून राहिली, ती एका कडेला, हा दुसऱ्या. तो आला तेव्हा जगदेवनं लॉगशीट त्याच्या हवाली केली. क्वार्टरच्या दारात रंगूबाई उभी होती. तिनं हेमलाकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं, आणि तिला कळलं. ती आत गेली. पाठोपाठ भांडं आपटल्याचा आवाज आला.

शेलूबाजारवरून जीप केली आणि ते ठाण्यात पोचले तेव्हा दिवे लागले होते. जमादार भला माणूस होता. जबाब घ्यायच्या आधी त्यानं दोनदा विचारलं, "वकिलाले इचारलं का? हे लिहलं तर खोडता येत नाही."

"लिहा," जगदेव म्हणाला.

जमादारानं लिहून घेतलं. मधे मान वर करून म्हणाला, "किती वेळ झोपले होते?"

"दोन मिनिटं. तीन असतीन."

"तीन मिनिटं," जमादारानं लिहिलं आणि कागद पुढं सरकवला. "करा सही."

"अन् जागा किती वेळ होतो, ते?"

"ते कोणी इचारलं नाही."

"मी सांगतो नं. पन्नास तास अन् बेचाळीस मिनिटं. हजेरीत दुसऱ्याचं नाव हाय, पण तो आला नव्हता. तेही लिहा. साखळी तीन मानसांत एक होती, तेही."

जमादारानं पेनचं टोपण लावलेलं होतं. त्यानं जगदेवकडं पाहिलं, मग बाकड्यावर बसलेल्या हेमलाकडं पाहिलं, आणि टोपण काढलं.

*

जगदेव निलंबित झाला. गुन्हा त्याच्यावर नोंदला गेला, जामीन मिळाला, तारखा पडायला लागल्या. मयंक साहेबांची बदली दुसऱ्या जिल्ह्यात झाली. जाताना ते भेटायला आले नाहीत, आणि जगदेवनंही ते मनावर घेतलं नाही. पन्नास तासांचं कोणी काही बोललं नाही. तो कागद फाइलीत आहे, एवढं वकील सांगतो. हेमलाचा भरपाईचा अर्ज ठेकेदाराकडून वीज कंपनीकडं आणि कंपनीकडून ठेकेदाराकडं फिरतो आहे. तांड्यात मात्र हेमसिंग प्यायला होता असं आता कोणी म्हणत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती. दोन ऑपरेटर होते, त्यातला एक गेला.

तालुक्याचा माणूस विसाव्या दिवशी परत बोलावला गेला. रामरावला डॉक्टरांनी महिनाभर धूळ, उजेड आणि जागरण टाळायला सांगितलं होतं. तो एकविसाव्या दिवशी कामावर हजर झाला, डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून. दुसरा माणूस निघाला आहे, असं त्यालाही कळलं.

पहिल्या दिवशी तो बारा तास बसला, मग अठरा, आणि त्या आठवड्यात पुन्हा शेतीची लाइट रात्रीची आली. गहू उंबीवर होता. जगदेव क्वार्टरमध्ये पडून ऐकत असायचा. धाड. थोड्या वेळानं स्विचचा धप्प. पुन्हा धाड. धप्प यायला वेळ लागायला लागला की तो उठून बसायचा.

"निजा," रंगूबाई म्हणायची. त्या दिवसापासून ती त्याच्याशी एवढंच बोलायची. "आता तुमची ड्यूटी नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी जगदेव घराबाहेर पडला. निलंबित माणसाला सबस्टेशनच्या जाळीच्या आत पाऊल टाकायची मनाई होती, तसा लेखी आदेशच होता. तो आत गेला नाही. जाळीला लागून सिमेंटचे जुने खांब आडवे पडलेले होते, त्यातल्या एकावर तो जाऊन बसला. तिथून खिडकी दिसायची आणि खिडकीतून खुर्ची. रामराव खुर्चीवर ताठ बसलेला होता. काळ्या चष्म्यामागं डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे इथून काही कळत नव्हतं.

यार्डात दांडी खाली होती आणि तिला लाल पाटी लटकत होती. म्हणजे कुठंतरी कोणीतरी खांबावर होतं. हेमसिंगच्या जागी नवा माणूस आला होता, त्याचं नावही जगदेवला माहीत नव्हतं.

"रामरावभाऊ!"

"हाव," आतून आवाज आला. "जागा हाय."

जगदेवनं मोबाइलमध्ये वेळ पाहिली. पाच मिनिटांनी पुन्हा हाक मारली. पुन्हा हाव आलं. रस्त्यानं बैलगाडी गेली, गाडीवाल्यानं याच्याकडं आणि खिडकीकडं पाहिलं आणि काही न बोलता बैलांना हाकलं. ऊन जाळीवरून सरकत होतं. जगदेवचेही डोळे चुरचुरत होते, पण ते मिटले नाहीत.

"रामरावभाऊ!"

आतून काही आलं नाही.

"रामरावभाऊ!" तो उठला. दोन्ही हातांनी जाळी धरून त्यानं ती गदागदा हलवली. "रामरावभाऊ, उठा! मानूस वर हाय!"

खुर्ची सरकली. रामराव धडपडत खिडकीशी आला. त्यानं चष्मा काढला होता. ऑपरेशनचा डोळा लालभडक होता आणि त्यातून पाणी गळत होतं.

"लागला होता रे डोळा," तो म्हणाला. "फोन आला होता का?"

"नाही," जगदेव म्हणाला. "कोणाचाच नाही आला. मी इथंच बसलो हाय नं. टाकू नोका."

रामरावनं मान हलवली आणि तो खुर्चीवर जाऊन बसला. जगदेव खांबावर बसला. पाच वाजता नवा लाइनमन मोटारसायकलवरून स्वतःच सबस्टेशनला आला, आत जाऊन त्यानं परमिट वापस दिलं आणि निघताना या बाहेर बसलेल्या म्हाताऱ्याला पत्ता चुकलेला माणूस समजून विचारलं, "कोठी जायचं हाय, बाबा?"

"कोठीच नाही," जगदेव म्हणाला. "जा तू. घरी जा."